ठोक्यांचा पाना

हायवेच्या कडेला पंक्चर झालेली गाडी, आणि एल आकाराच्या पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहून हलक्या उड्या मारणारा तिचा मालक. हे दृश्य कोणी पाहिले नसेल असे नाही. पाना तीस सेंटीमीटर लांब आणि माणूस सत्तर किलोचा धरला, तर उडी न मारताही नटावर दोनशे न्यूटन-मीटरहून थोडा जास्त टॉर्क पडतो. लहान गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये चाकाचा नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरला आवळावा असे लिहिलेले असते. म्हणजे आवळायला लागतो त्याच्या जवळपास दुप्पट जोर लावूनही नट जागचा हलत नाही. याचा दोष आपण गंजाला देतो. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या वाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बाबतीत तो रास्तही आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र खरा गुन्हेगार वेगळा असतो: मागच्या वेळी टायर बदलताना कोणीतरी हवेची गन नटावर धरली आणि 'टर्रर्र' सुरू झाल्यावरही दोन सेकंद धरूनच ठेवली.

त्याच गनची घरगुती, बॅटरीवरची बहीण आता हौशी लोकांच्या डिकीत दिसू लागली आहे. कॅटलॉगात तिला इम्पॅक्ट रेंच म्हणतात, गॅरेजात नुसती गन. ब्रेक पॅड स्वतः बदलणारे, चाकांची अदलाबदल घरीच करणारे, जुनी गाडी हौसेने सांभाळणारे असे लोक आज ती घेऊ पाहतात. घ्यावी की नाही, आणि घेतली तर कोणती, हे ठरवण्याआधी ती आतून काय करते ते पाहिलेले बरे. डब्यावरचे आकडे वाचण्याची अक्कल तिथूनच येते.

साध्या ड्रिलमध्ये मोटर गिअरमधून थेट पुढच्या दांड्याला फिरवते. गनमध्ये तसे नाही. मोटर आणि नट यांच्यामध्ये एक जड पोलादी तुकडा असतो, तो हॅमर. त्याच्यासमोर अॅन्व्हिल, म्हणजे ऐरण. या ऐरणीचेच चौकोनी टोक बाहेर आलेले असते आणि आपण गोटी, म्हणजे सॉकेट, बसवतो ती त्यावर. हॅमरच्या तोंडाला दोन दात, ऐरणीला दोन कान. नट सैल फिरत असेल तोवर दोघे बरोबर फिरतात, ठोका वगैरे काही नाही. नट अडला की ऐरण थांबते, मोटर थांबत नाही. बॅटरीवरच्या गनमध्ये मोटरच्या बाजूच्या दांड्यावर व्ही आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात आणि त्यांत पोलादी गोळ्या बसवलेल्या असतात. अडलेला हॅमर या गोळ्यांवरून खाचेत मागे सरकतो आणि सरकताना एक दणकट स्प्रिंग दाबतो. पुरेसा मागे गेला की त्याचे दात ऐरणीच्या कानांवरून निसटतात. दाबलेली स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि फिरत्या अवस्थेत तो पुढच्या कानावर आदळतो. मग पुन्हा मागे, पुन्हा ठोका. हे मिनिटाला दोन ते चार हजार वेळा चालते, म्हणून कानाला ठोके ऐकू न येता सलग टरटर ऐकू येते.

खिळा अंगठ्याने कितीही दाबला तरी लाकडात जात नाही, हातोडीच्या हलक्या टोल्याने जातो. गनचे मर्म तेवढेच आहे, फक्त टोला गोल दिशेने बसतो. ठोका क्षणार्धाचा असल्यामुळे त्याचा मोठा टॉर्क हॅमर आणि ऐरण यांच्यातच खर्च होतो. हाताला जाणवतो तो फक्त स्प्रिंग दाबण्यापुरता मोटरचा जोर. म्हणून तीनशे न्यूटन-मीटरचे यंत्र एका हाताने धरता येते. हाच टॉर्क तीस सेंटीमीटरच्या पान्याने द्यायचा तर टोकाला शंभर किलो वजन टांगावे लागेल. ठोक्यांचा दुसरा फायदा गंजलेल्या आट्यांवर दिसतो. सलग ताकदीने बोल्ट पिळवटून तुटू शकतो. ठोक्यांनी आट्यांमधली गंजाची पकड आधी तडकते आणि मग नट सुटतो. चाक हवेत असतानाही नट निघतो, कारण इतक्या छोट्या धक्क्यांनी चाक फिरायला वेळच मिळत नाही.

आता डब्यावरचे आकडे. बऱ्याच कंपन्या दोन टॉर्क छापतात, आवळण्याचा आणि सोडवण्याचा, आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत अर्थातच दुसरा असतो. उदाहरणार्थ, मकिताच्या डीटीडब्ल्यू ३०० या मध्यम गनला आवळण्यासाठी ३३० आणि सोडवण्यासाठी ५८० न्यूटन-मीटर असे आकडे दिलेले आहेत. डीटीडब्ल्यू १००२ या दांडग्या भावाला १००० आणि १६००. हे आकडे जाड बोल्टवर, भरलेल्या बॅटरीने आणि आखूड गोटीने मिळालेले असतात. मध्ये लांब एक्स्टेंशन घातले की पोलाद किंचित पिळते आणि ठोक्याचा बराच भाग त्या पिळण्यातच जिरतो. युनिव्हर्सल जॉइंट लावला तर विचारूच नका. काही जाहिरातींत टॉर्क फूट-पौंडात असतो, त्याला १.३६ ने गुणले की न्यूटन-मीटर मिळतात. तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवळण्याचाच आकडा, एकाच एककात घ्यावा. त्यात फसवणुकीला जागा कमी.

फसवणुकीची खरी जागा व्होल्टमध्ये आहे. १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट ही बहुतेक वेळा एकच बॅटरी असते. आत लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले. एकेकाचे नेहमीचे ३.६ व्होल्ट धरले तर अठरा होतात, पूर्ण चार्ज केल्यावरचे मोजले तर वीस-एकवीस. इथवर ठीक. पण ऑनलाइन बाजारात '८८ व्हीएफ', '२८८ व्हीएफ' असे लिहिलेल्या गन मिळतात आणि त्यांच्याही पोटात तेच पाच किंवा दहा सेल असतात. खऱ्या ८८ व्होल्टसाठी एकामागोमाग चोवीस-पंचवीस सेल जोडावे लागतील, आणि त्या डब्यात तेवढी जागाच नसते. ज्या विक्रेत्याने व्होल्टच फुगवले, त्याचा टॉर्क मी तरी वाचायच्या भानगडीत पडणार नाही. बॅटरी मोठी घेण्यात मात्र अर्थ आहे. दोन अँपिअर-तासाच्या बॅटरीत बहुधा पाच सेलची एकच रांग असते, पाचवालीत दोन रांगा. भार वाटला जातो, व्होल्ट कमी पडत नाहीत आणि तीच गन जास्त जोराने ठोकते. घरात आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी नुसती गन घ्यावी; बॅटरी आणि चार्जरचे पैसे वाचतात आणि ते पैसे थोडे नसतात.

वीज, हवा की बॅटरी हा वाद गाडी कुठे उभी राहते त्यावर मिटतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसतो, आणि असला तर सेक्रेटरी असतात. तिथे बॅटरीला पर्याय नाही. स्वतःचे अंगण असेल तर २३० व्होल्टची वायरवाली गन स्वस्त आणि चिवट, फक्त जड. हवेच्या गनला कॉम्प्रेसर हवा. ती साधारण ९० पीएसआयवर चालते आणि हवा अशी पिते की घरगुती पन्नास लिटरची टाकी एका चाकाच्या कामात धाप टाकू लागते. शिवाय कामाआधी गनमध्ये तेलाचे थेंब टाकायचे आणि पावसाळ्यात टाकीतले पाणी सोडायचे. टायरच्या दुकानाला हे सगळे परवडते, घरी नाही. गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून चालणाऱ्या १२ व्होल्टच्या गन आणखी निराळ्या. त्यांत मोटर आधी वेग घेते आणि मग एकच मोठा ठोका देते. ढक्क. थांबायचे. पुन्हा ढक्क. आणीबाणीला ठीक, पण संयमाची परीक्षा आहे.

आकार म्हणजे टोकाचा चौकोन. गॅरेजात तो सुतात मोजतात: तीन सूत, चार सूत, सहा सूत. चाकाच्या नटांना आणि सस्पेन्शनच्या बोल्टांना चार सूत, म्हणजे अर्धा इंच. सहा सूत ट्रकवाल्यांचे काम. तीन सुताची आखूड गन ब्रेक कॅलिपरच्या अडचणीत फार सोयीची असते, पण एकच घ्यायची तर चार सूत, आवळण्याचा टॉर्क तीनशे ते चारशेच्या दरम्यान. पुढच्या चाकाचा अॅक्सल नट मोटारीच्या घरगुती कामातला सगळ्यात हट्टी. त्याचा टॉर्क बऱ्याच गाड्यांत दोनशेच्या पुढे असतो आणि अशी गन त्यालाही पुरते. हजारवाली दांडगी गन बॅटरीसकट तीन किलोच्या वर जाते. ती गाडीखाली आडवे पडून डोक्यावर पाच मिनिटे धरून पाहावी, मग घ्यावी. उलट्या दिशेला नट सैल होताच आपोआप थांबणारी सोय असेल तर उत्तम. नाहीतर नट उडून गटारात.

गोट्यांवर लोक पैसे वाचवतात, आणि तिथेच वाचवू नयेत. टूलकिटमधल्या चकचकीत गोट्या क्रोम-व्हॅनेडियमच्या, कडक आणि पातळ. हाताच्या पान्यासाठी त्या छान. गनच्या ठोक्यांत त्या तडकतात आणि तुकडा डोळ्याच्या दिशेने आला तर परत बोलावता येत नाही. गनसाठी जाड, काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या गोट्या घ्याव्यात आणि त्याही सहा कोनी, कारण बारा कोनी गोटी नटाचे कोपरे खाऊन तो गोल करते. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, प्लास्टिकचे वेष्टन असलेली गोटी मिळते: १७ ची निळी, १९ ची पिवळी, २१ ची लाल. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजूला हे हातात घेऊन, वजन करून घेता येते. आणि गॉगल, चष्मा, काहीतरी डोळ्यांवर हवेच.

एवढे सगळे सोडवण्याबद्दल. आवळण्याबद्दल माझे मत कडक आहे: चाकाचा नट गनने शेवटपर्यंत आवळू नये. बोल्ट घट्ट बसतो तो ताणला गेल्यामुळे. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच बोल्ट ताणण्यात जातो, बाकीचा नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात संपतो. बारा मिलीमीटरचा बोल्ट कोरड्या आट्यांवर ११० न्यूटन-मीटरला आवळला की चाक साधारण साडेचार टनांनी दाबले जाते; आट्यांना तेल लागलेले असेल तर तेवढ्याच टॉर्कला सहा टनांच्या आसपास. मोजूनही जिथे एवढा फरक पडतो, तिथे न मोजता ठोकणाऱ्या यंत्राच्या हवाली काय करायचे? जादा आवळण्याची किंमत वाकड्या डिस्कने, ताणलेल्या स्टडने चुकवावी लागते. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले की मेकॅनिक पॅडकडे बोट दाखवतो. चाकणला असो की चेन्नईला, आधुनिक कारखान्यात नव्या गाडीचे चाक बसवताना ठोक्यांची गन वापरत नाहीत. तिथे सगळे नट एकदम आवळणारी, टॉर्क मोजणारी विजेची यंत्रे असतात. घरी त्यांचे काम टॉर्क रेंच करते. गनने हलक्या सेटिंगवर नट टेकवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची आणि समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचचा 'टक' ऐकायचा. शे-दीडशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा.

गनच्या बजेटात टॉर्क रेंच आणि घोड्यांची, म्हणजे जॅक स्टँडची, एक जोडी बसत नसेल तर स्वस्त गन घ्यावी. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक स्टेपनी लावण्यापुरता. गनच्या धक्क्यांत त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नये. स्पार्क प्लगला आणि ऑइल काढायच्या बोल्टला गन दाखवूसुद्धा नये; त्यांचे आटे बऱ्याच गाड्यांत अॅल्युमिनियमच्या घरात असतात. आणि अलॉय व्हीलला चोरी टाळण्यासाठी लावलेल्या लॉक नटाला तर मुळीच नाही. त्याची चावी नाजूक नक्षीची असते, गनच्या दोन ठोक्यांत तिचे दात मोडतात. मग चार नट सुटतात, पाचवा सुटत नाही, आणि नवी चावी कंपनीकडून कोड नंबर देऊन मागवावी लागते. तो नंबर चावीबरोबर आलेल्या छोट्या कार्डावर असतो. ते कार्ड गाडी घेतली त्याच दिवशी कुठेतरी अगदी जपून ठेवलेले असते.