कोणत्या खिडकीला कोणता पडदा?

शाळेंत असतांना मी एक नियम कटाक्षानें पाळीत असें. मुलांच्या डाव्या हाताकडून उजेड येईल, अशा रीतीनें बांकें मांडावयाचीं; म्हणजे उजव्या हातानें लिहिणाऱ्याच्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाहीं. वर्गाच्या खिडक्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या मला घरच्या खिडक्यांचा विचार मात्र निवृत्तीनंतर सुचला, आणि तोहि एका चुकीपायीं.

पुण्यांतला जुना वाडा सोडून आम्ही एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलों. "सगळ्या खोल्यांना एकच रंग घ्या, मास्तर, घर शोभून दिसेल," असें दुकानदार म्हणाला, आणि मीं पांचहि खिडक्यांना जाड, गडद तांबड्या कापडाचे पडदे शिवून घेतले. शोभा दिसली खरी. परंतु बैठकीची खोली दुपारीं भट्टीसारखी तापूं लागली, स्वयंपाकघरांत भर दिवसा दिवा लावावा लागला, आणि डोळ्यांत मोतीबिंदू असलेली माझी वृद्ध आई एके सकाळीं त्या अंधारांत उंबरठ्याला अडखळून पडली. मनगटाचें हाड मोडलें. तिचा हात प्लॅस्टरमध्यें होता तेवढ्या दिवसांत मीं जो विचार केला, तो आज आपणांपुढें ठेवीत आहें.

पडदा निवडतांना रंग शेवटीं पाहावा. प्रथम दिशा पाहावी. दक्षिणेच्या खिडकीला आपण उगाच भितों. पुण्यास डिसेंबरांत सूर्य मध्यान्हीं दक्षिण क्षितिजापासून सुमारें ४८ अंश वर असतो. तें ऊन हिवाळ्यांत हवेंसेंच वाटतें. उन्हाळ्यांत तर तो मध्यान्हीं जवळजवळ डोक्यावरच येतो, व साधा छज्जाहि त्याला अडवितो. खरी पीडा पश्चिमेची. दुपारीं चारनंतर सूर्य खालीं उतरतो आणि त्याचे किरण छज्जाच्या खालून सरळ खोलींत शिरतात. तेथें छज्जा कितीहि रुंद केला तरी फारसा उपयोग नाहीं.

मग जाड पडदा लावला तर? माझी फसगत झाली ती येथेंच. तावदानाच्या कांचेंतून सूर्यप्रकाश सहज आंत येतो. तो गडद पडद्यावर पडला म्हणजे पडदा तापतो. पण तापलेल्या कापडांतून निघणारी उष्णता वेगळ्या जातीची असते, तिला कांच बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणजे शत्रूला वेशीच्या आंत घेऊन मग दरवाजा लावावा, तसा हा प्रकार. ऊन कांचेच्या बाहेरच अडविलें पाहिजे. आपल्या वाडवडिलांचा बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा याच कारणानें शहाणपणाचा होता: तो बाहेर टांगलेला असे, ऊन अडवी आणि वारा येऊं देई. बाहेर टांगण्याची सोय नसेल तर आंतल्या पडद्याला पांढरें अस्तर लावावें आणि तें कांचेकडे करावें. तें निदान कांहीं प्रकाश उष्णता होण्यापूर्वींच परत पाठवितें.

वाळ्याच्या पडद्याची गोष्ट निराळी. पाणी सुकतांना हवेंतली उष्णता शोषून घेतें, यावर त्याचें सारें काम चालतें. म्हणून नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यांत तो स्वर्गसुख देतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या दमट हवेंत पाणी सुकतच नाहीं, आणि हातीं येतो तो फक्त सुगंध व ओलावा.

आतां खोल्यांकडे वळूं. स्वयंपाकघरांत शेगडीजवळच्या खिडकीला पडदा नकोच. वाऱ्यानें उडालेलें टोंक ज्योतीवर येण्यास क्षण पुरतो, आणि कृत्रिम धाग्याचें कापड तर जळतांना वितळून अंगाला चिकटतें. आडोसा हवाच असेल तर खालच्या अर्ध्या भागाला दुधी कांच बसवावी. न्हाणीघरालाहि तीच पुरे. निजण्याच्या खोलींत जाड पडदा शोभतो, विशेषतः रात्रपाळी करून दिवसा झोंपणारें कोणी घरांत असेल तर. मुलांच्या अभ्यासाच्या जागीं उजेड मऊ करणारें पातळ, पांढरें सुती कापड घ्यावें. आणि डेंग्यूचा डांस दिवसाहि चावतो, तेव्हां पडद्याआधीं खिडकीला जाळी बसवावी. बैठकीच्या खोलींत वाटेल तो रंग लावावा, मात्र रेशीम लावूं नये. उन्हानें रेशीम विटतें एवढेंच नव्हे, कुजतें.

दोरीनें वर ओढावयाचे पडदे हल्लीं फार दिसतात. घरांत लहान मूल असेल तर ते घेऊं नयेत, असें मी निक्षून सांगेन. लोंबती दोरी खेळतां खेळतां मुलाच्या गळ्याभोंवतीं अडकून प्राणावर बेतल्याचे प्रकार जगांत अनेक ठिकाणीं घडलेले आहेत. घेतलेच असतील तर दोरी मुलाचा हात पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर आंकड्याला गुंडाळावी, आणि पाळणा किंवा खाट त्या खिडकीपासून दूर हलवावी.

थोडें गणितहि करूं. मास्तरांच्या भाषणांत तें यावयाचेंच. खिडकी चार फूट रुंद असेल तर दांडी पांच फूट घ्यावी, म्हणजे पडदा बाजूला सारल्यावर कांच झांकली जात नाहीं. चुण्या पडण्यास दुप्पट रुंदी लागते, म्हणजे दहा फूट. कापडाचा पन्हा चार फूट असेल तर तीन पट्टे हवेत. जमिनीपर्यंतची उंची साडेसात फूट धरली आणि दुमडीसाठीं पाऊण फूट, तर एका पट्ट्याला सव्वाआठ फूट, तिहींना पावणेपंचवीस फूट. म्हणजे सुमारें साडेसात मीटर. सुती कापड धुतल्यावर आटतें, म्हणून आठ मीटर घ्यावें आणि शिंप्याकडे देण्यापूर्वीं एकदां भिजवून वाळवावें. मीं तें केलें नव्हतें. माझे पडदे पहिल्या धुण्यानंतर जमिनीपासून चार बोटें वर उचलले गेले, आणि शेजारच्या मुलांनीं त्यांना आंखूड विजारीचें नांव ठेवलें!

त्या तांबड्या कापडाच्या पुढें आम्हीं गाद्यांच्या खोळी केल्या. बैठकीच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर आतां चिकाचा पडदा आहे. आईच्या खोलीला पांढऱ्या खादीचा पडदा लावला, दांडीवर लांकडी कड्या घातल्या, आणि दांडी तिच्या हाताला सोसेल अशी हलकी सरकणारी घेतली. पहांटे त्या कड्यांचा खडखडाट ऐकूं आला कीं आई उठली, असें आम्ही समजतों.