रॅम वाढवली आणि डिस्प्ले गेला

नवी रॅम बसवली, कॅबिनेटचं बटण दाबलं, पंखे फिरू लागले, दिवाही लागला. पण स्क्रीन काळी ती काळीच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत या दुखण्याचं नाव एकच आहे: ‘डिस्प्ले येत नाही.’ घरी असं झालं की पहिली शंका येते ती मदरबोर्ड जळाल्याची. बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं. यंत्र अशा जागी अडलेलं असतं, जिथे त्याला आपली अडचण पडद्यावर लिहून दाखवायचीही सोय नाही. ती जागा कोणती हे समजलं की पुढचा शोध अंदाजपंचे करावा लागत नाही.

बटण दाबल्यावर प्रोसेसर जागा होतो, तेव्हा त्याच्या लेखी रॅम नसतेच. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये साठवलेल्या बायॉसच्या सूचना आधी चालू लागतात आणि त्यांचं पहिलं मोठं काम असतं रॅम शोधणं. रॅमच्या स्टिकवर मोठ्या काळ्या चिपांखेरीज एक अगदी बारकी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. स्टिकची क्षमता किती, वेग किती, व्होल्टेज किती, चिपांची आतली मांडणी कशी, हे सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. ती माहिती वाचली की बायॉस रॅमशी जुळवून घ्यायला लागतो. सिग्नल कोणत्या क्षणी पाठवायचा आणि कोणत्या क्षणी वाचायचा, याच्या चाचण्या घेऊन वेळ पक्की करतो. याला ट्रेनिंग म्हणतात. ते पार पडल्यावरच ग्राफिक्स सुरू होतं आणि कंपनीचं चिन्ह पडद्यावर उमटतं. रॅमपाशी घोडं अडलं, तर चित्राची पाळीच येत नाही. विंडोज, हार्ड डिस्क, व्हायरस यांचा इथे काडीचाही संबंध नाही. अशा वेळी ‘विंडोज नवीन टाकून देतो’ असं कोणी म्हणालं, तर यंत्र त्याच्या हाती देऊ नये.

हे ट्रेनिंग लक्षात घेतलं, तर पहिला उपाय ओघानेच येतो: थांबायचं. डीडीआर५ रॅमच्या यंत्रांवर, विशेषतः एएमडीने २०२२ मध्ये आणलेल्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डांवर, नवी रॅम घातल्यानंतरची पहिली सुरुवात काही मिनिटं खाते. रॅम जितकी जास्त, तितका वेळ जास्त. त्या काळात पडदा काळा असतो आणि माणूस अधीर. तो बटण दाबून यंत्र बंद करतो, पुन्हा सुरू करतो, आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. डीडीआर४च्या यंत्रांतही रॅम बदलल्यावर मशीन आपोआप एकदोनदा बंद-चालू होतं. तो बिघाड नव्हे. दहा-पंधरा मिनिटं हात बांधून बसा. चहा करायला हरकत नाही.

तरी काही दिसलं नाही, तर यंत्र बंद करून वीज पूर्ण काढायची. डेस्कटॉपची वायर सॉकेटमधून काढली, तरी एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरते. वायर काढल्यावर चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं की ती निघून जाते. लॅपटॉपची बॅटरी आतून काढता येत असेल तर तिचा जोड सोडवायचा. हाताने कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज चिपांवर उतरत नाही. आणि मग नवी रॅम काढून जुनी, जशी होती तशी, तिच्याच स्लॉटमध्ये परत बसवायची.

सगळ्या तपासणीत हीच पायरी सर्वांत मोलाची, आणि बहुतेकांची हीच सुटते. जुन्या रॅमवर यंत्र सुरू झालं, तर मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस सगळे एका झटक्यात संशयातून बाहेर पडतात. दोष नव्या स्टिकमध्ये किंवा ती बसवण्यात. जुन्यावरही डिस्प्ले आला नाही, तर रॅम बदलताना दुसरंच काहीतरी हललं आहे. म्हणून नवी रॅम नीट चालेपर्यंत जुनी विकायची नाही, दुकानदार ‘जुनी द्या, दोनशे रुपये कमी करतो’ म्हणाला तरीही.

समजा, जुन्यावर यंत्र चाललं. आता नव्या स्टिकची बसवण पाहायची, कारण सर्वाधिक वेळा दोष तिथेच निघतो. डेस्कटॉपच्या स्लॉटला दोन्ही टोकांना चिमटे असतात, काही मदरबोर्डांवर एकाच टोकाला. एका टोकाचा चिमटा ‘टक्’ करून बसला की स्टिक बसली असं वाटतं, आणि चिमटा नसलेलं दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वर राहून जातं. तेवढं पुरेसं असतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबायचं. नवख्याला भीती वाटते त्याहून जास्त जोर लागतो. लॅपटॉपमध्ये उलट: स्टिक तिरकी धरून आधी सोनेरी टोक स्लॉटमध्ये पूर्ण सरकवायचं आणि मगच खाली दाबून बाजूच्या चिमट्यांत अडकवायचं. दाबल्यावरही सोनेरी पट्टी ठळक दिसत असेल, तर ती आत गेलेली नाही.

इथे खोडरबराचा विषय निघतोच. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासले की मशीन सुरू होतं, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेल्या जुन्या रॅमवर कळकट थर चढतो, तो त्याने निघतो हे खरं. पण माझा संशय असा, की निम्म्या वेळा गुण खोडरबराचा नसून रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचा असतो. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, म्हणून घासूच नये. सुती कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं आणि वाळू द्यावं. खोक्यातून आत्ताच काढलेल्या स्टिकला तर खोडरबर लावायचं काहीच कारण नाही.

बसवण चोख असूनही पडदा काळाच राहिला, तर ही रॅम या यंत्राची आहे का, हे पाहायचं. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची स्टिक मुळात बसतच नाही. फक्त जबरदस्ती करू नये. फसवतात त्या स्लॉटमध्ये छान बसणाऱ्या, तरीही न चालणाऱ्या स्टिक. जुनी यंत्रं वाढवताना आणि सेकंड हँड बाजारात त्या हमखास भेटतात.

पहिली गफलत व्होल्टेजची. लॅपटॉपच्या डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एलला १.३५. दोन्हींचा आकार आणि खाच सारखीच. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप डीडीआर३एल मागतात. त्यांत साधी डीडीआर३ घातली, की पंखा फिरतो आणि पडदा काळा. लेबलवर ‘पीसी३’ लिहिलंय की ‘पीसी३एल’, हे एक अक्षर पाहून घ्यायचं. उलट बाजूने त्रास नसतो. एल जातीची स्टिक १.५ व्होल्टच्या जुन्या यंत्रातही सहसा चालते.

दुसरी गफलत चिपांच्या घनतेची, आणि ती दुकानात क्वचितच कोणी सांगतं. जी४१ चिपसेटचे मदरबोर्ड आपल्याकडे शाळांत, सायबर कॅफेत, छोट्या ऑफिसांत भरपूर होते. काही अजून चालू आहेत. त्यांना ४ जीबीची स्टिक चालते, पण ती २५६ एमबीच्या सोळा चिपा मिळून झालेली हवी. पुढे ५१२ एमबीच्या आठ चिपांत ४ जीबी मावू लागलं. तशी स्टिक या बोर्डाला नीट वाचता येत नाही: एक तर डिस्प्ले येत नाही, नाहीतर अर्धीच रॅम दिसते. स्टिक दोन्ही बाजूंनी पाहून चिपा मोजायच्या, एवढाच उपाय. स्वस्तात मिळणाऱ्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकवर कधीकधी ‘फक्त एएमडीसाठी’ असंही छापलेलं असतं. तिच्या चिपांची मांडणी इंटेलच्या बोर्डांना कळत नाही. ती चूक नाही, ती जात वेगळी; इंटेलवाल्याने घेऊ नये.

तिसरी, सर्व्हरची रॅम. मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर मोडीत निघाले की त्यांची रॅम अर्ध्या किमतीत बाजारात येते. ‘रजिस्टर्ड’ प्रकारच्या या स्टिकच्या मधोमध एक जास्तीची वेगळी चिप असते. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये ती घरच्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बिनबोभाट बसते आणि त्यानंतर काहीही होत नाही. डीडीआर५ मध्ये खाच वेगळी केल्यामुळे हा घोळ मिटला.

वेगाच्या आकड्यांची लोक जास्त धास्ती घेतात, पण वेग क्वचितच गुन्हेगार असतो. २४०० ला ३२०० ची जोड दिली तर दोन्ही सहसा २४०० ने चालतात. अपवाद एक: जुन्या रॅमसाठी बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने पळवण्याची सोय) चालू ठेवलं असेल, तर बोर्ड नव्या स्टिकलाही तोच पळता वेग द्यायला बघतो आणि तिथे अडकतो. म्हणून रॅम बदलण्याआधीच एक्सएमपी बंद करावं. राहून गेलं असेल, तर बायॉसच्या नोंदी पुसायच्या: वीज काढून मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवायचा, किंवा त्यासाठी दिलेला जंपर जोडायचा. घड्याळ मागे जाईल, बाकी नुकसान नाही. मात्र विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर यानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून ठेवा.

स्टिक एकाहून जास्त असतील, तर एकावेळी एकच लावायची. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकटी स्टिक प्रोसेसरकडून मोजलेल्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात आणि जोडी दुसऱ्या-चौथ्यात. मॅन्युअलमध्ये चित्रच असतं. प्रत्येक नवी स्टिक एकटीने चालते, पण सगळ्या मिळून चालत नाहीत, असं निघालं तर दोष कोणाचाच नाही, भार जास्त झालाय. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकना ५२०० चा वेग सांगितला आहे आणि चार लावल्या तर ३६०० चा. जास्त रॅम हवी तर मोठ्या दोन घ्या, छोट्या चार नकोत. २४ आणि ४८ जीबीच्या डीडीआर५ स्टिक २०२३ मध्ये आल्या. त्यांच्यासाठी जुन्या बायॉसला अपडेट लागू शकतं, आणि ते जुनी रॅम लावलेली असतानाच करायचं.

मुकं वाटणारं यंत्र बऱ्याचदा खुणा करत असतं. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात. ‘डीरॅम’वर दिवा थांबला तर आपण योग्य वाटेवर आहोत, ‘व्हीजीए’वर थांबला तर ग्राफिक्स कार्ड पाहा. जुन्या अवॉर्ड बायॉसमध्ये लांब बीप पुन्हा पुन्हा वाजते, तीही रॅमचीच. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा दिवा लुकलुकला, तर रॅम सापडत नाही असा अर्थ. आपल्या मॉडेलचा तक्ता कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघायचा.

राहिला तो दुसरा प्रसंग: जुन्या रॅमवरही डिस्प्ले नाही. रॅमपर्यंत हात घालताना प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याचा जोड सैल झाला का, ग्राफिक्स कार्ड एका टोकाने वर आलं का, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली का, हे पाहायचं. त्याच वेळी प्रोसेसर किंवा त्याचा पंखाही काढला असेल, तर संशय सॉकेटवर जातो. रॅमचं नियंत्रण आता प्रोसेसरच्या आतच असतं, एएमडीने ते २००३ मध्ये आत नेलं आणि इंटेलने २००८ मध्ये. त्यामुळे सॉकेटची एक पिन वाकली किंवा कूलरचे स्क्रू कमीजास्त आवळले गेले, तर एका बाजूचे स्लॉट मरतात आणि दोष मात्र रॅमवर येतो. इथून पुढे ओळखीच्या कारागिराकडे जाणं बरं.

डिस्प्ले आला म्हणजे काम संपलं असं नाही. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेऊन रात्रभर चालवा, निदान विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक तरी. सदोष रॅम दरवेळी यंत्र बंद पाडत नाही. ती गुपचूप एखादा आकडा बदलते आणि तो तुमच्या फाइलमध्ये तसाच साठवला जातो. नवी स्टिक नेहमीच्या वेगावर चालत असताना चाचणीत एक जरी चूक दिसली, तर ‘तशी चालतेय की’ म्हणत ठेवू नका. बिल घेऊन, परत घेण्याची मुदत संपायच्या आत ती बदलून आणा.