फुकट सल्ल्याची किंमत

इंदूरच्या माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक तरुण माता तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. बाळाचे वजन उत्तम वाढत होते. तरीही "डॉक्टर, माझं दूध पुरतच नाही हो," अशी तिची खात्री झाली होती. आधार होता मोबाइलवरील एका मोफत अ‍ॅपचा.

हा मोफतपणा समजून घेतला पाहिजे. इंटरनेटवर मजकूर देणाऱ्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरात, वर्गणी आणि विक्रीवरील दलाली यांतून येते. गूगलने २००० साली शोधशब्दांलगतच्या जाहिराती सुरू केल्या. २००२ पासून त्यांत प्रत्येक क्लिकसाठी बोली लागू लागली. प्रसूतीची अपेक्षित तारीख नोंदवणारी स्त्री जाहिरातदारास विशेष मोलाची. पुढे तिला काय लागणार, याचा अंदाज त्याला आधीच बांधता येतो.

१९९२ चा कायदा आणि २००३ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातीस बंदी आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार अ‍ॅप, मातांचे गट आणि मानधन घेणारे प्रचारक यांच्यामार्फत हा प्रचार जगभर होतो. तो जाहिरात म्हणून ओळखूही येत नाही.

वजनाचा तक्ता समजावून दिल्यावर ती माता डबा न घेता परतली. परंतु तिने अ‍ॅपला प्रश्न विचारला तो रात्री दोन वाजता, एकटीने. मित्रहो, प्रसूतीपूर्वीच आपण दहा मिनिटे तिच्याशी बोललो असतो, तर ती वेळ आली नसती.