पन्नाशीचं विमान पाळताना

सेकंडहँड बाइक मिळते, सेकंडहँड कार मिळते. अमेरिकेत सेकंडहँड विमानही मिळतं. तेसुद्धा तुमच्या आई-बाबांच्या वयाचं! विकत घेणं त्यातल्या त्यात सोपं. पण ते उडतं ठेवणं? त्याचीच ही गोष्ट.

सेकंडहँड बाइक बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. किती पळली? सिंगल ओनर आहे ना? कधी ठोकली होती का? मालक छातीठोकपणे सांगतो, ‘अरे, एकदम मस्त कंडिशन. एक रुपयाचं काम नाही!’ आपण एक चक्कर मारतो, आरसी बुक चाळतो, पैसे मोजतो. मालक खरं किती बोलला आणि खोटं किती, ते पुढच्या सहा महिन्यांत गॅरेजवाला सांगतो.

आता बाइकच्या जागी विमान ठेवा. चार सीटचं, एका इंजिनाचं, १९७४ सालात बनलेलं. बंद पडलं तर रस्त्याच्या कडेला घेऊन मेकॅनिकला फोन करायची सोय नाही. असलं विमान कुणी विकत का घ्यावं?

पण लोक घेतात. एअरलाइन आणि लष्कर सोडलं तर अमेरिकेत दोन लाखांच्या आसपास विमानं आहेत. त्यांतली बहुसंख्य एका पिस्टन इंजिनाची, छोटी. आणि त्यातलीही कितीतरी १९६०-७० च्या दशकांतली. शनिवारी सकाळी हँगरचं दार सरकवायचं, विमान हातानं ओढून बाहेर काढायचं, शंभर मैलांवरच्या गावी जाऊन नाश्ता करून परत यायचं, हा तिथल्या अनेकांचा छंद. त्यात सगळेच कोट्यधीश नसतात. शिक्षक असतात, शेतकरी असतात, रिटायर झालेले लोक असतात.

एवढी जुनी विमानं आली कुठून?

या जुन्या मंडळींमधलं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे सेसना १७२. पंख डोक्यावर, पंखांना तिरपा आधार, खाली तीन चाकं. १९५५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि १९५६ पासून विकायला लागलं. आजवर ४४ हजारांहून जास्त बनली. जगात दुसरं कुठलंही विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही.

त्याच्या टिकाऊपणाचा एक भन्नाट किस्सा आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी लास व्हेगासमधून रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघं सेसना १७२ घेऊन उडाले, ते खाली उतरले ७ फेब्रुवारी १९५९ ला. मधले ६४ दिवस हवेतच! इंधन कसं भरलं? खाली रस्त्यावर ट्रक धावायचा, वर त्याच वेगानं विमान, आणि ट्रकमधून पाइप वर ओढून घ्यायचा. शेवटी इंजिनात काजळी साचून त्याची ताकद घटली, तेव्हा कुठे ते उतरले. माणसांसह सलग उडण्याचा हा विक्रम आजही मोडलेला नाही.

१९७८ या एका वर्षात अमेरिकेत साडेसतरा हजारांहून जास्त छोटी विमानं बनली. मग सगळं फिस्कटलं. मंदी आली, कर्जं महागली. त्यात अपघात झाला की वीस-तीस वर्षं जुन्या विमानासाठीसुद्धा बनवणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचलं जायचं. विम्याचा खर्च इतका वाढला की १९८६ मध्ये सेसनानं एका पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये तिथं कायदा झाला, की छोटं विमान १८ वर्षांहून जुनं असेल तर कंपनीवर सहसा असा दावा लावता येणार नाही. त्यानंतर १९९६ मध्ये १७२ पुन्हा बनायला लागलं.

मधली दहा वर्षं नवं मिळत नव्हतं, म्हणून लोकांनी जुनं जपलं. आणि आज नवं मिळतं, पण त्याची किंमत चार लाख डॉलरच्या वर जाते. त्यापुढे पन्नाशीचं विमान कितीतरी स्वस्त वाटतं. वाटतं, असंच म्हणायचं! कारण हत्ती विकत घेणं आणि हत्ती पोसणं यात जो फरक आहे, तोच इथेही आहे.

वर्षातून एकदा सगळं उघडायचं

तिथला नियम सरळ आहे. दर १२ महिन्यांनी विमानाची पूर्ण तपासणी झालीच पाहिजे. तिला ‘अॅन्युअल’ म्हणतात. ती कुठल्याही मेकॅनिकनं करून चालत नाही. तपासणीचा खास अधिकार मिळालेला मेकॅनिकच ती करू शकतो. सीट काढतात, पंखांच्या आणि पोटाच्या झाकण्या उघडतात, इंजिनावरचं आवरण उतरवतात. टॉर्च आणि आरसा घेऊन गंज शोधतात, चीर शोधतात. उंदरानं घर केलंय का, हेही बघतात. (उंदरांना हँगरमधली विमानं फार आवडतात!)

इंजिन न खोलता त्याची तब्येत कशी कळते, हे बघण्यासारखं आहे. प्रत्येक सिलेंडरमध्ये ८० च्या दाबानं हवा सोडतात आणि त्यातली किती टिकते ते मोजतात. ७५ टिकली तर सिलेंडर ठणठणीत. ६० च्या खाली गेली तर काळजीचं कारण. मग मेकॅनिक कान लावतो. सायलेन्सरच्या नळीतून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. कार्बोरेटरच्या बाजूनं आली तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. डॉक्टरनं स्टेथोस्कोप लावावा, तसंच हे.

ऑइल बदलणं, टायर बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं, दिव्याचा बल्ब बदलणं अशी ठरावीक कामं पायलट असलेला मालक स्वतः करू शकतो. साधारण दर ५० तासांनी ऑइल बदलताना जाणते मालक जुना फिल्टर टाकून देत नाहीत. तो कापतात, आतला कागद उलगडतात आणि उन्हात धरून बघतात. धातूचे कण चमकले, तर इंजिनाच्या आत काहीतरी झिजतंय. हा निरोप इंजिन महिनोन् महिने आधी देतं. तो वाचायची तसदी मात्र कुणीतरी घ्यावी लागते.

वहीशिवाय विमान नाही

प्रत्येक कामानंतर नोंद करायची असते. काय केलं, कोणत्या तारखेला केलं, तेव्हा किती तास झाले होते, सही कुणाची, लायसन्स नंबर काय. या नोंदवहीला लॉगबुक म्हणतात. पन्नास वर्षं जुन्या विमानाची अशी वह्यांची चळतच असते. त्या हरवल्या तर विमान दिसायला कितीही देखणं असो, त्याची किंमत धाडकन खाली येते. कारण मग त्या इंजिनाचं, त्या पंखांचं काय झालं होतं, हे सांगणारं कुणीच उरत नाही.

याच वहीत आणखी एक गोष्ट असते. एखाद्या मॉडेलमध्ये दोष सापडला, की अमेरिकेचं विमान वाहतूक खातं एक आदेश काढतं: अमुक भाग तपासा, तमुक बदला. तो पाळल्याशिवाय विमान उडवणं बेकायदा.

एक उदाहरण घ्या. सेसनाची सीट रुळांवर पुढे-मागे सरकते आणि रुळातल्या भोकात पिन अडकून जागेवर बसते. वर्षानुवर्षांच्या वापरानं भोकं झिजतात, पिन नीट बसत नाही. टेकऑफला नाक वर झालं, की सीट सर्रकन मागे जाते. हातात धरलेलं स्टिअरिंग पायलटबरोबर मागे ओढलं जातं, नाक आणखी वर होतं आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर विमान कोसळतं. अशा अपघातांत माणसं गेली. म्हणून १९८७ मध्ये आदेश निघाला, की ते रूळ, ती भोकं आणि त्या पिना ठरावीक काळानं मोजायच्या. २०११ मध्ये तो आदेश सुधारून पुन्हा काढला गेला. आजही अॅन्युअलला मेकॅनिक गुडघ्यावर बसून त्या भोकांची झीज मोजतो.

पैसे देणारा, उडवणारा, ठरवणारा एकच

खरी गोम इथे आहे. एअरलाइनमध्ये विमान उडवणारा वेगळा, दुरुस्त करणारा वेगळा आणि बिल भरणारा वेगळा. दुरुस्तीचा खर्च पायलटच्या खिशातून जात नाही. खासगी विमानात उडवणारा आणि बिल भरणारा एकच असतो. आणि विमान उडण्याच्या लायकीचं ठेवण्याची मुख्य जबाबदारी कायद्यानं मालकाची. ‘मेकॅनिकनं सांगितलं नाही’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

कल्पना करा, रविवारची सकाळ आहे. मित्र मागच्या सीटवर बसलेत. रनवेच्या तोंडाशी शेवटची चाचणी चालू आहे. या इंजिनात ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात आणि प्रत्येक सिलेंडरला स्पार्क प्लगही दोन; एक संच गेला तर दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. चाचणीत एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. इंजिनाचे फेरे थोडे कमी झाले तर ठीक. आज ते जास्तच कमी झाले आणि इंजिन थरथरायला लागलं. मालकाच्या डोक्यात दोन विचार येतात. एक, ‘दुसरा मॅग्नेटो आहे की!’ दुसरा, ‘परत फिरलो तर रविवार गेला आणि वर दुरुस्तीचं बिल.’ त्याला अडवायला तिथे कुणी नसतं. परत फिरायचं की नाही, हे त्यानं एकट्यानं ठरवायचं. जुनं विमान पाळणं म्हणजे हा निर्णय वर्षानुवर्षं, प्रत्येक वेळी बरोबर घेणं.

उभं ठेवलं तर आणखी बिघडतं

आपल्याला वाटेल, कमी वापरलेलं विमान चांगलं. ‘चाळीस वर्षांत फक्त हजार तास’ अशी जाहिरात वाचून नवखा खूश होतो. अनुभवी माणूस मात्र सावध होतो. विमान महिनोन् महिने उभं राहिलं, की आतल्या भागांवरचं ऑइल ओघळून खाली जातं, दमट हवेनं कॅमशाफ्टवर गंजाचे ठिपके पडतात आणि पुढे तेच ठिपके इंजिन खातात. टाकीचे रबरी भाग सुकतात. गांधीलमाशी वेग मोजणाऱ्या नळीत मातीचं घर करते. नियमित उडणारं विमान बहुतेक वेळा जास्त निरोगी असतं.

आणि उडो न उडो, हँगरचं भाडं, विमा, अॅन्युअल यांचा खर्च ठरलेलाच. त्यात साधारण २,००० तासांनंतर इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधायची वेळ येते. त्याचा आकडा तीस हजार डॉलरच्या पुढे जातो. म्हणून शहाणे मालक प्रत्येक तासाच्या उड्डाणामागे काही रक्कम बाजूला टाकत राहतात. कित्येक जण तिघं-चौघं मिळून एक विमान घेतात. आपल्याकडे सामाईक विहिरीवर पाण्याच्या पाळ्या ठरतात ना, अगदी तसं. खर्च वाटला जातो आणि विमान उडतं राहतं.

या छंदाची एक काळी बाजूही आहे. यातली बहुतेक जुनी इंजिनं ज्या निळसर पेट्रोलवर चालतात, त्यात आजही शिसं असतं. गाड्यांच्या पेट्रोलमधून ते केव्हाच गेलं. या विमानांच्या धुरातलं शिसं आरोग्याला धोकादायक असल्याचं अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२३ मध्ये अधिकृतपणे नोंदवलं. शिसं नसलेलं इंधन हळूहळू येतंय. पण पन्नाशीच्या इंजिनांना नवा आहार पचवायला वेळ लागणारच.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे छोटं विमान पाळणारे हौशी लोक अगदी मोजके. पण या परंपरेतला एक सुंदर प्रसंग मुंबईचा आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा एका छोट्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून जुहूला आले. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा एकट्यानं केला. विमान होतं लेपर्ड मॉथ. हे मॉडेल १९३६ नंतर बनलंच नाही. म्हणजे विमानाचं वयही पंचेचाळीसच्या पुढे. पायलट म्हातारा, विमान म्हातारं, आणि दोघंही सुखरूप उतरले. त्याआधी कुणीतरी त्या विमानाचा बोल्ट न् बोल्ट तपासला होता, म्हणूनच.

आज बारामती किंवा धुळ्याकडे गेलात, तर डोक्यावर घिरट्या घालणारी छोटी ट्रेनर विमानं दिसतील. त्यांतून तुमच्याच वयाची मुलं-मुली पायलट व्हायला शिकतात. आपण सगळे त्यांच्याकडे बघतो. पण तेच विमान संध्याकाळी हँगरमध्ये उघडून बसणारी माणसंही असतात: एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअर, म्हणजे एएमई. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर हा रस्ताही खुला आहे. डीजीसीएच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि मग लायसन्स. त्यांची सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेलं विमान पुन्हा उडत नाही.

त्यामुळे कधी एखाद्या फ्लाइंग क्लबमध्ये जायचा योग आला आणि समोर रंग उडालेलं जुनं विमान दिसलं, तर ‘किती साली बनलं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘लॉगबुक दाखवता का?’ असंही विचारा. विमान नीट पाळलेलं असेल, तर दाखवणारा ते कौतुकानं दाखवेल.