खांदेरी: तोफांच्या बेटावरचा दिवा

गोंदिया जिल्ह्यात पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जातच नाही. वैनगंगा तो दक्षिणेला नेते आणि प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने तो बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेच्या समुद्राशी इथल्या माणसाची ओळख करून देते ती विदर्भ एक्सप्रेस. हजारेक किलोमीटर प्रवास करून मुंबईत उतरायचं, गेटवेहून लाँचने मांडवा गाठायचं आणि अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर यायचं. समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्यापलीकडचं खांदेरी.

खांदेरीच्या तटबंदीच्या आत, टेकडीवर, सुमारे २५ मीटर उंचीचा अष्टकोनी दगडी दीपस्तंभ आहे. तो १८६७ साली उभा राहिला. किल्ल्याचं काम सुरू झालं ते १६७९ मध्ये. दोन्हींच्या मध्ये १८८ वर्षं गेली, राज्यं बदलली, पण जागा निवडण्यामागचं कारण तेच राहिलं. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज या बेटावरून दिसतं आणि त्या जहाजालाही हे बेट दिसतं.

पहिली बाजू शिवाजी महाराजांनी हेरली. १६७९च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली माणसं बेटावर उतरली आणि दगड रचले जाऊ लागले. मुंबईचे इंग्रज धास्तावले. त्यांनी बेटाला गलबतांचा वेढा घातला. पण त्यांची मोठी जहाजं वाऱ्यावर अवलंबून होती. वारा पडला की ती जागीच खिळत. मराठ्यांच्या उथळ तळाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या मात्र रात्रीच्या अंधारात त्यांना चुकवून दाणागोटा आणि बांधकामाचं सामान पोहोचवत राहिल्या. ऑक्टोबरमधल्या लढाईत दौलतखानाच्या हाताखालच्या मराठा आरमाराने इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाजच पकडलं. जंजिऱ्याच्या सिद्दीने पुढे शेजारचं उंदेरी बळकावलं, पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं. १७१८ मध्ये मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या काळात मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने पुन्हा चढाई केली. तीही फसली.

१८१८ नंतर हा किनारा इंग्रजांच्या हाती आला आणि खांदेरीचं काम उलटं झालं. ज्या बेटावरून जहाजं अडवली जायची, तिथूनच त्यांना वाट दाखवायची होती. १८६०च्या दशकात मुंबईचा कापूस-व्यापार फुगला होता, बंदरातली वर्दळ वाढली होती आणि आजूबाजूला खडक होते. कुलाब्याच्या टोकाजवळचा प्राँग्स दीपस्तंभ यायला १८७५ उजाडलं. खांदेरीचा दिवा त्याआधी आठ वर्षं पेटला होता.

टेकडी का हवी, याचं उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. समुद्रसपाटीपासून २५ मीटरवरून क्षितिज साधारण १८ किलोमीटरवर असतं. दिवा कितीही प्रखर असला, तरी पाण्याच्या उंचवट्याआड गेल्यावर तो दिसत नाही. म्हणून मनोऱ्याच्या उंचीत टेकडीची उंची मिळवायची. उरलेलं काम भिंगाचं. फ्रान्सच्या ऑगस्तँ फ्रेनेल याने १८२०च्या दशकात जाड भिंगाऐवजी काचेच्या पायऱ्यापायऱ्यांची कडी रचली. त्यामुळे चहूकडे विखुरणारा उजेड एका पट्ट्यात एकवटून दूर जाऊ लागला. तेलाच्या दिव्यालाही त्याने मोठा पल्ला मिळाला.

नुसता उजेड दिसूनही खलाशाचं भागत नाही, तो कुणाचा हे कळायला हवं. म्हणून आसपासच्या दीपस्तंभांची लुकलुक वेगवेगळी ठेवतात: किती झोत, किती सेकंदांनी. ही नोंद जहाजावरच्या नकाशात असते. दोन झोतांमधला काळ मोजला की दिव्याचं नाव कळतं. दिवसा हेच काम मनोऱ्याचा आकार आणि रंग करतात.

१९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं. थळचे कोळी मात्र खांदेरीच म्हणतात. त्यांचा वेताळ इथे आहे, आणि ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा एक शिलाखंडही. गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा तटावर अजून आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात खांदेरी आहे. एव्हाना जहाजांना आपली जागा उपग्रहावरून कळते. तरीही देशातले दीपस्तंभ बंद झालेले नाहीत. त्यांच्यासाठी असलेल्या १९२७च्या कायद्याऐवजी संसदेने २०२१ मध्ये नवा कायदा केला, त्यात दिव्यांच्या जोडीला जहाज-वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणाही आल्या.