सांगा, पण नीट सांगा!

दोस्तांनो, आई म्हणते, "जरा दुधाकडे बघ रे!" तुम्ही गॅसपाशी उभे राहता आणि दूध वर आलं की गॅस बंद करता. पण गंमत बघा, 'बंद कर' असं आई म्हणालीच नव्हती! ते तुम्ही मनानेच जोडून घेतलंत. आता एखाद्या मुलाने अगदी सांगितल्याप्रमाणे दुधाकडे नुसतं बघितलं तर? दूध उतू जाणार आणि सगळे त्याला 'वेंधळा' म्हणणार. खरं तर त्याने ऐकलं तेच केलं होतं!

स्वमग्न मुलांच्या वाट्याला असे प्रसंग पुष्कळदा येतात. स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच थोडी निराळी असते आणि ती जन्मभर तशीच राहते. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांबद्दल सविस्तर लिहिलं. ही मुलं सगळी एकसारखी नसतात, बरं का! कुणी अजिबात बोलत नाही, तर कुणी रेल्वेचं वेळापत्रक धडाधड म्हणून दाखवतं. कुणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, कुणी रोजचा रस्ता बदलला की घाबरून जातं. आडून केलेलं बोलणं मात्र त्यांच्यापैकी अनेकांना पटकन उमगत नाही.

ही मुलं मोठी होतात, कॉलेजात जातात. मग पुढे काय? आज त्यांच्यासाठीच्या एका नव्या वाटेबद्दल बोलू या. ती वाट आहे कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजे सगळे ज्याला 'एआय' म्हणतात त्याची.

केळीच्या पानाची शाळा

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा तुम्ही पाहिल्या असतील. केळीवर करपा पडला की पानांवर आधी बारीक पिवळसर रेषा उमटतात, मग त्यांचे तपकिरी ठिपके होतात. फोटो पाहून करपा ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं, तर काय करावं लागेल? हजारो पानांचे फोटो काढायचे आणि प्रत्येकाला चिठ्ठी लावायची: 'करपा' किंवा 'निरोगी'. ते फोटो पाहून पाहून यंत्र दोन्हींतला फरक शोधून काढतं.

पण समजा, रोगट पानांचे सगळे फोटो सावलीत काढले आणि निरोगी पानांचे उन्हात. मग यंत्र करप्याऐवजी सावलीच ओळखायला शिकेल! उन्हातलं रोगट पान बघून खुशाल सांगेल, 'निरोगी!' आणि नुकसान होईल शेतकऱ्याचं. ही गफलत पकडायला बारीक नजरेचा माणूसच लागतो.

धुळ्याचंही असंच. तिथे १९२७ मध्ये स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रं जमवली होती. अशा कागदांतलं लिखाण बहुतेक मोडी लिपीतलं. उद्या यंत्राला मोडी वाचायला शिकवायचं झालं, तर आधी माणसांनाच अक्षर न् अक्षर तपासून चिठ्ठ्या लावाव्या लागतील.

अनेक स्वमग्न तरुणांना अशी कामं मनापासून आवडतात. लहानसा फरक टिपणं, त्यातला नियम शोधणं, एकाच विषयात तासन्‌तास रमणं! सगळ्यांनाच नाही हं. स्वमग्न म्हणजे गणिताचा जादूगार, हा सिनेमातला समज झाला. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न आहेत आणि त्या प्राध्यापिका झाल्या त्या गुराढोरांच्या विषयात!

घोडं अडतं कुठे?

मुलाखतीत! साहेब विचारतात, "स्वतःबद्दल काहीतरी सांगा." आता 'काहीतरी' म्हणजे काय? नाव? गाव? की रक्तगट? उमेदवार गोंधळतो, खाली बघतो. 'आत्मविश्वास नाही' असा शेरा बसतो. त्याला काम येतं की नाही, हे कुणी पाहतच नाही.

डेन्मार्कमधल्या थॉर्किल सोन्ने यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी २००४ मध्ये 'स्पेशलिस्टर्ने' नावाची कंपनी काढली. तिथे उमेदवारांवर प्रश्नांचा भडिमार करण्याऐवजी त्यांना लेगोचे रोबो बनवायला दिले आणि त्यांचं काम पाहिलं. २०१३ मध्ये 'एसएपी' या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने स्पेशलिस्टर्नेशी हातमिळवणी केली. त्याआधीच एसएपीच्या बेंगळुरूच्या कचेरीत सहा स्वमग्न व्यक्ती सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर लागल्या होत्या.

आपल्या खान्देशात काय करता येईल?

जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धुळे जिल्ह्यात शिरपूरला आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट आहे. कॉम्प्युटर शिकायला लांब जायला नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे, त्यात स्वमग्नताही आहे. दिव्यांगतेचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असल्याचं प्रमाणपत्र असेल, तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. जळगावातच 'दीपस्तंभ फाउंडेशन'चा 'मनोबल' प्रकल्प आहे. तिथे दिव्यांग तरुण-तरुणी एकत्र राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तो खास एआयसाठी नाही, पण सोय करून दिली तर आपल्या गावातही काय होऊ शकतं, हे तिथे दिसतं.

तयारीचे तीन भाग आहेत. पहिला अभ्यासाचा: गणित, संख्याशास्त्र आणि 'पायथन' ही कॉम्प्युटरची भाषा. नुसत्या चिठ्ठ्या लावायला शिकून भागणार नाही, कारण ते कामही यंत्रं हळूहळू स्वतः करू लागली आहेत. दुसरा भाग रोजच्या जगण्याचा: एकट्याने बसने जाणं, मदत मागणं, गोंगाट असह्य झाला तर तसं सांगणं, मुलाखतीची रंगीत तालीम. आणि तिसरा भाग आहे बाकीच्यांचा! सूचना फळ्यावर लिहून द्यायच्या, वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, बसायला एक शांत कोपरा ठेवायचा. याला फारसा खर्च येत नाही, आणि हा तिसरा भाग राहिला तर पहिले दोन वाया जातात.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. प्रमाणपत्राचं काम दहावीच्या आधीच करून घ्या. परीक्षेतल्या सवलतींसाठीही ते लागतं. आणि मुलाला काय जमत नाही याची यादी तर तुम्हाला पाठ असतेच. ते काय करताना वेळ विसरतं, याचीही एक वही ठेवा. अकरावीची शाखा निवडताना तीच वही उघडा.

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. लेखी परीक्षा घेतली असती, तर त्या नापासच झाल्या असत्या! मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांची गाणी ऐकून उतरवून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली.

तुम्हीही एक गोष्ट करून बघा. तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर "नंतर भेटू" म्हणू नका. "मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी भेटू" असं सांगा. आणि हो, सांगितलंत तर वेळेवर पोचा बरं! तो तिथे नक्की उभा असेल.