हातातला रिमोट बिथरतो तेव्हा

नोव्हेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोचा ‘वी’ हा कन्सोल अमेरिकेत विक्रीला आला आणि व्हिडिओ गेम खेळणारा माणूस सोफ्यावरून उठून उभा राहिला. टेनिस खेळायचं तर रॅकेट फिरवावी तसा हात फिरवायचा, बोलिंगमध्ये चेंडू सोडावा तसा झुलवायचा. बटणांचं जंजाळ नको वाटणाऱ्या आजी-आजोबांनीही तो पांढरा रिमोट हातात घेतला. जगभरात दहा कोटींहून जास्त वी विकले गेले. त्यांच्याबरोबर एक तक्रारही घरोघरी पोचली : पडद्यावरचा बाण मध्येच थरथरतो, नाहीसा होतो, कधी रिमोट आणि कन्सोलची जोडणीच तुटते.

अशा वेळी पुष्कळ जण नवा रिमोट विकत घेतात आणि त्रास तसाच राहतो. कारण तक्रार एकच वाटली, तरी तिच्यामागे अगदी वेगवेगळी कारणं असतात. नेमकं काय बिनसलंय हे नुसत्या लक्षणांवरून बऱ्याचदा ओळखता येतं.

बटणं व्यवस्थित चालतात, पण बाण मात्र सैरावैरा पळतो, असं असेल तर संशय प्रकाशावर घ्यायचा. वीबरोबर टीव्हीच्या वर किंवा खाली ठेवायची एक पट्टी मिळायची, तिला ‘सेन्सर बार’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात एकही सेन्सर नाही. दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश देणारे छोटे एलईडी आहेत, आणि वायरीतून येते ती फक्त वीज. पाहण्याचं काम रिमोट करतो. त्याच्या पुढच्या टोकाला कॅमेरा असतो. पट्टीचे दोन प्रकाशबिंदू त्याला कुठे दिसतात, यावरून रिमोट कुठे रोखलाय ते ठरतं. म्हणूनच पट्टी बिघडल्यावर काही हौशी खेळाडूंनी तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या आणि खेळ सुरळीत चालला!

पण जी मेणबत्ती सोय करते, तीच अडचणही करते. ज्योत, हॅलोजनचा दिवा, खिडकीतून येणारं ऊन, समोरच्या काचेवरची तिरीप, या सगळ्यांत इन्फ्रारेड असतं. दिवाळीत टीव्हीखाली पणत्यांची ओळ मांडली, तर त्यातले आपले दोन बिंदू कोणते, हे कॅमेऱ्याला कळत नाही. पडदा ओढून, दिवे हलवून पाहावं. पट्टी चालू आहे का, हे तपासायला मोबाईल पुरतो. त्याच्या कॅमेऱ्यातून पट्टीकडे पाहिलं की दोन्ही टोकांना फिकट जांभळे ठिपके दिसायला हवेत. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे सेल्फीचा कॅमेरा वापरावा.

पुढच्या काळातल्या यंत्रांचीही गाठ प्रकाशाशीच पडते. २०१० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन मूव्ह या रिमोटच्या टोकावर रंग बदलणारा चमकता गोळा होता, आणि खोलीतल्या रंगांत तो मिसळू नये म्हणून कन्सोल वेगळा रंग निवडत असे. मेटाच्या क्वेस्ट या हेडसेटला खोलीतल्या दिव्यांची न जाणवणारी लुकलुकही नडते. त्यासाठी सेटिंगमध्ये ५० की ६० हर्ट्झ हे निवडता येतं. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा इथे ५० ठेवावं.

बटणं उशिरा लागतात, हालचाल अडखळते, जोडणी तुटते, असं असेल तर मामला रेडिओ लहरींचा. बटणांची आणि हालचालीची माहिती ब्लूटूथने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जाते. हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, भारतातही २००५ पासून. साहजिकच वायफाय, वायरलेस माउस, हेडफोन असे सगळे तिथेच दाटीवाटीने राहतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. ब्लूटूथ त्यातून मोठ्या हुशारीने वाट काढतं. ते पट्ट्याचे ७९ भाग करून सेकंदाला १,६०० वेळा एका भागातून दुसऱ्यात उडी मारतं. २००३ च्या सुधारणेनंतर तर गजबजलेले भाग टाळायलाही ते शिकलं. पण वायफायचा एकेक चॅनेल अशा वीसेक भागांवर पसरतो. इमारतीत शेजारीपाजारी राउटर वाढले की मोकळी जागा फारशी उरत नाही.

यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क हा या गर्दीतला सहसा लक्षात न येणारा घटक. तिच्या वायरीतून आणि जोडणीतून नेमकी या पट्ट्यात खरखर पसरते, हे इंटेलने २०१२ मध्ये मोजून दाखवलं. डिस्क कन्सोलला खेटून ठेवली असेल, तर ती दूर सरकवल्यानेच बराच फरक पडू शकतो.

२०१७ चं निन्टेन्डो स्विच या कन्सोलचं प्रकरण इथे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. त्याचा डावा रिमोट, म्हणजे जॉय-कॉन, जोडणी सोडतो, अशी ओरड झाली. कन्सोल टीव्हीमागे, धातूच्या वस्तूखाली किंवा मत्स्यालयाजवळ ठेवू नका, दुसऱ्या वायरलेस यंत्रापासून तीन-चार फूट लांब ठेवा, असं कंपनीने सुचवलं. मत्स्यालयाचं नाव ऐकून अनेकांना नवल वाटलं, पण सल्ला रास्त होता. पाणी या लहरी शोषून घेतं. खेळाडूचं शरीरही तेच करतं, त्यामुळे हात पाठीमागे गेला तरी संदेश क्षीण होतो. मात्र या प्रकरणात दोष निव्वळ खोलीचा नव्हता. थोड्या नगांत उत्पादनातलाच फरक होता, हे कंपनीने मान्य केलं. दुरुस्तीला आलेल्या जॉय-कॉनमध्ये वीजवाहक फोमचा छोटासा तुकडा बसवला जाऊ लागला. ग्राहकांनी चिकाटीने तक्रारी केल्या, म्हणून हे उघडकीला आलं. घरातले सगळे उपाय करूनही जोडणी तुटत राहिली, तर वॉरंटीचा कागद काढायला संकोच करू नये.

घरी तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी आसपासची वायरलेस यंत्रं बंद करून खेळून पाहावं, मग एकेक चालू करावं. ज्याच्यामुळे त्रास परत सुरू होईल, ते दूर हलवावं. राउटरला ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर फोन आणि टीव्ही त्यावर जोडावेत, म्हणजे २.४ चा पट्टा मोकळा होतो. कन्सोल लाकडी कपाटात बंद असेल तर बाहेर काढावा. लोखंडी कपाटात तर मुळीच ठेवू नये.

बाण थरथरत नाही, जोडणीही तुटत नाही, पण हात स्थिर असताना बाण हळूहळू एका बाजूला सरकतो, हा प्रकार निराळा. इथे ना प्रकाशाचा संबंध, ना लहरींचा. ज्या रिमोटचा बाण वळण मोजणाऱ्या जायरोस्कोपवर चालतो, त्याच्यात हे होतं : जायरोस्कोपची शून्याची खूण ढळलेली असते. रिमोट सपाट टेबलावर ठेवून, सेटिंगमधून पुन्हा कॅलिब्रेट करेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.